टॉर्च पेटते, पण रॉड वाहत नाही: महागडा गॅस घेण्यापूर्वी काय तपासावे

ब्रेझिंग म्हणजे धातूचे दोन भाग स्वतः न वितळवता, त्यांच्यामधल्या फटीत कमी तापमानाला वितळणारा जोडधातूचा रॉड वाहवून ते जोडणे. घरी त्यासाठी वापरायच्या लहान गॅस टॉर्चबाबत एकच तक्रार गेली अनेक वर्षे माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येत राहिली आहे आणि स्वतःच्या कामातही मी ती बऱ्याच वेळा निस्तरली आहे. टॉर्च पेटते, ज्योत निळी आणि जोरकस दिसते, पण जोड काही केल्या हव्या त्या तापमानाला पोहोचत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असा असतो की गॅस हलक्या प्रतीचा आहे, आणि मग ते दुप्पट-तिप्पट किमतीचा गॅस घेऊन येतात. त्याने कधी काम होते, पण पुष्कळदा होत नाही, कारण दोष गॅसमध्ये नसून उष्णता जोडापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत असतो. साधा प्रोपेन घरगुती ब्रेझिंगच्या बहुतांश कामांना पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पुरत नसेल तर का पुरत नाही, हे पुढील क्रमाने तपासावे.

लक्षणे

हा दोष वेगवेगळ्या रूपांत दिसतो, आणि कोणते रूप दिसते यावरून निम्मे निदान होते.

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे रॉड ज्योतीत वितळतो, पण जोडावर पसरण्याऐवजी त्याची गोळी होऊन बसते आणि ती गोळी पुढे ढकलली तर घरंगळून खाली पडते. याचा अर्थ रॉड तापला आहे, मूळ धातू मात्र तापलेला नाही किंवा स्वच्छ नाही.

दुसऱ्या प्रकारात जोड बऱ्याच वेळाने का होईना, मंद तांबडा होतो, पण तोवर फ्लक्स, म्हणजे धातूवरचे ऑक्साइड विरघळवण्यासाठी जोडावर लावलेला लेप, करपून काळे, काचेसारखे कवच धरतो आणि त्यानंतर कितीही तापवले तरी रॉड धातूला चिकटत नाही. तिसऱ्या प्रकारात पहिली काही मिनिटे ज्योत उत्तम असते, नंतर ती हळूहळू आखूड आणि मऊ होत जाते. सिलिंडरला हात लावला तर तो थंडगार लागतो, त्यावर दव किंवा हिमाचा थरही दिसतो. चौथ्या प्रकारात ज्योतच बिघडलेली असते: ती पिवळी होते, फडफडते किंवा नोझलपासून सुटून विझते.

पाचवे रूप सर्वांत फसवे आहे. लहान जोड सहज होतात आणि त्यापेक्षा थोडा मोठा जोड घेतला की काहीच होत नाही. इथे लोकांना वाटते की ज्योतीचे तापमान कमी पडते आहे. खरे तर तिथे कमी पडतो तो उष्णतेचा वेग, आणि हा फरक नीट समजला तर गॅसवरचा निष्कारण खर्च वाचतो.

तापमान आणि उष्णतेचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

हवेवर जळणाऱ्या प्रोपेनच्या ज्योतीचे कमाल सैद्धांतिक तापमान सुमारे १,९८० अंश सेल्सिअस असते. ब्युटेनचे जवळजवळ तितकेच असते आणि प्रोपिलीनचे सुमारे २,०५० अंश. तांबे स्वतः १,०८५ अंशांना वितळते आणि घरात वापरले जाणारे बहुतेक ब्रेझिंग रॉड ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान वाहतात. म्हणजे तापमानाचा विचार केला तर सर्वांत स्वस्त गॅसची ज्योतसुद्धा गरजेच्या दुपटीहून अधिक तप्त आहे.

आता उष्णतेचे गणित पाहू. शंभर ग्रॅम तांबे खोलीच्या तापमानापासून ७०० अंशांपर्यंत नेण्यासाठी साधारण २८ किलोजूल उष्णता लागते. एका किलो प्रोपेनमध्ये सुमारे ४६ मेगाजूल उष्णता असते, त्यामुळे ताशी १५० ग्रॅम गॅस जाळणारी टॉर्च जवळपास १.९ किलोवॅट शक्ती देते. सगळी उष्णता जोडात गेली असती तर हे काम पंधरा सेकंदांत संपले असते. प्रत्यक्षात ज्योतीतील बरीचशी उष्णता जोडाला वळसा घालून हवेत निघून जाते आणि जोडात शिरलेली उष्णताही लगेच नळीवाटे दोन्ही बाजूंना वाहू लागते. जितक्या वेगाने ती येते तितक्याच वेगाने निघून जाऊ लागली की तापमान जिथल्या तिथे थांबते, आणि मग अर्धा तास ज्योत धरून बसले तरी रॉड वाहत नाही. म्हणून पहिल्या तपासण्या गळणारी उष्णता अडवण्याच्या आहेत, आणि त्यांना फारसा खर्च येत नाही.

पहिली तपासणी: रॉड कोणता आहे

याला काहीही खर्च येत नाही, तरी हीच तपासणी सर्वाधिक वेळा राहून जाते. रॉडच्या वेष्टनावर त्याची वितळण्याची कक्षा लिहिलेली असते, ती वाचावी. ५६ टक्के चांदीचा, कॅडमियमविरहित रॉड ६२० ते ६५० अंशांच्या दरम्यान वितळतो. सात टक्के फॉस्फरस असलेला तांब्याचा रॉड ७१० अंशांना वितळू लागतो आणि ७९० च्या सुमारास पूर्ण द्रव होतो. पंधरा टक्के चांदी असलेल्या तांबे-फॉस्फरस रॉडची कक्षा साधारण ६४५ ते ८०० अंश अशी रुंद असते, तर पितळी रॉडला ८७० ते ९०० अंश लागतात. लहान टॉर्चने पोलादाच्या जाड तुकड्यावर पितळी रॉड वाहवण्याचा प्रयत्न करून गॅसला दोष देणारे अनेक जण मला भेटले आहेत. तोच जोड चांदीच्या रॉडने केला तर तापमानाची गरज दोन-अडीचशे अंशांनी उतरते. चांदीचा रॉड महाग असतो हे खरे, पण एका जोडाला त्याचा जेमतेम एखादा ग्रॅम लागतो, आणि वाचलेला गॅस व वेळ हिशेबात धरला तर तो नेहमीच महाग पडतो असे नाही.

तांबे-फॉस्फरस रॉडबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तो तांब्याला तांबे जोडताना फ्लक्सशिवाय चालतो, पितळ असेल तर फ्लक्स लागतो, आणि लोखंड, पोलाद किंवा निकेलवर तो अजिबात वापरू नये, कारण तिथे ठिसूळ फॉस्फाइडचा थर तयार होतो आणि जोड वरून चांगला दिसूनही धक्क्याने उकलतो. हा दोष कोणताही गॅस दुरुस्त करू शकत नाही.

जुन्या साठ्यातील चांदीचे काही रॉड कॅडमियमयुक्त असतात. ते कमी तापमानाला सुरेख वाहतात, त्यामुळे मोह होतो, पण त्यांचा धूर अतिशय विषारी असतो. वेष्टन नसलेला, घटक माहीत नसलेला चांदीचा रॉड घरात वापरू नये.

दुसरी तपासणी: नळीत पाणी आहे का, आणि धातू स्वच्छ आहे का

पाण्याच्या नळीवर काम करत असाल तर आधी हे पाहा. दहा ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे, तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २६ किलोजूल उष्णता लागते. वर सांगितलेल्या शंभर ग्रॅम तांब्याला तापवायला लागते जवळपास तेवढीच. आणि नीट बंद न होणाऱ्या झडपेतून थेंब थेंब पाणी येत असेल तर ही मागणी कधी संपतच नाही. पाणी आहे तोवर धातू शंभर अंशांच्या फार पुढे जाणार नाही. नळी पूर्ण रिकामी करावी, उतार पाहावा, आणि तिचे एक तोंड उघडे ठेवावे. दोन्ही बाजूंनी बंद असलेली नळी किंवा भांडे तापवणे धोक्याचे आहे, कारण आत अडकलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात सांगतो. जोडाचे दोन्ही पृष्ठभाग काचपेपरने किंवा तारेच्या ब्रशने घासून धातूचा मूळ रंग दिसेपर्यंत स्वच्छ करावेत, तेलकटपणा पुसून काढावा आणि नंतर तिथे बोट लावू नये. जोडातील फट ०.०५ ते ०.१२ मिलिमीटरच्या आसपास असावी, कारण वितळलेला रॉड आत ओढला जातो तो केशाकर्षणाने, आणि फट रुंद झाली की ती ओढ संपते.

फ्लक्सचा मात्र गॅसशी थेट संबंध आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. चांदीच्या रॉडसाठीचा नेहमीचा फ्लक्स साधारण ५६५ ते ८७० अंशांच्या दरम्यान काम करतो आणि ५९० च्या सुमारास पाण्यासारखा पारदर्शक होतो. पण त्याची ऑक्साइड विरघळवण्याची क्षमता मर्यादित असते. जोड दोन-तीन मिनिटांत तापला तर ती पुरते. दहा मिनिटे लागली तर फ्लक्स आधीच भरून गेलेला असतो आणि काळे कवच धरतो. वर सांगितलेले दुसरे लक्षण हेच. अशा जोडावर आणखी फ्लक्स टाकून तापवत राहण्यात अर्थ नसतो. तो थंड होऊ द्यावा, कोमट पाण्यात भिजवून घासावा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी.

तिसरी तपासणी: ज्योत कुठे आणि कशी धरली आहे

निळ्या ज्योतीत आत एक गडद, टोकदार शंकू दिसतो. सर्वाधिक उष्णता त्या शंकूच्या टोकाच्या थोडी पुढे असते. नोझल जोडाला टेकवण्याइतके जवळ नेले तर न जळलेल्या वायूचा थंड झोत धातूवर पडतो, आणि लांब धरले तर हवाच तापते. अंतर बोटभर मागेपुढे करून पाहिले तरी फरक कळतो.

ज्योत रॉडवर न धरता धातूवर धरावी, आणि जो भाग जड आहे तिथे जास्त वेळ धरावी. तांब्याची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे आठपट आहे, त्यामुळे तांब्याची लांब नळी पोलादी तुकड्याला जोडताना उष्णता नळीतून पळत असते आणि पोलादाच्या जाड भागात ती हळूहळू पसरते. दोघांना सारखीच ज्योत दिली तर एकाच वेळी दोन्ही तयार होत नाहीत. फ्लक्स दोन्ही भागांवर सारखाच पारदर्शक झाला आणि मंद उजेडात धातूचा अंधूक तांबडा रंग दिसू लागला की मग रॉड जोडाला टेकवावा. त्याने ज्योतीमुळे नव्हे तर धातूच्या उष्णतेने वितळले पाहिजे. ही एकच सवय लागल्याने गोळी होण्याची तक्रार संपल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

चौथी तपासणी: जोडाभोवती आडोसा

गॅसवर खर्च करण्यापूर्वी दोन-चार हलक्या, उष्णतारोधक भट्टीच्या विटांवर खर्च करावा, हा माझा आग्रह आहे आणि तो मी प्रत्येकाला करतो. अशी वीट सच्छिद्र आणि वजनाला हलकी असते, ती स्वतः फारशी उष्णता पीत नाही आणि तिचा ज्योतीकडचा पृष्ठभाग काही क्षणांत तांबडा होऊन उष्णता जोडावर परत फेकू लागतो. जड भट्टीची वीट याच्या उलट वागते. तिला आधी स्वतः तापायचे असते. जोडाच्या खाली एक, मागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवून लहानसा कोनाडा केला की तोच प्रोपेन आणि तीच टॉर्च एकदम वेगळे काम करू लागतात. लोखंडी शेगड्याच्या (व्हाइसच्या) जबड्यात किंवा लोखंडी पत्र्यावर ठेवलेला जोड कधीच नीट तापत नाही, कारण तो धातू उष्णता ओढून घेतो. सिमेंट-काँक्रीटवर थेट ज्योत धरू नये, त्यातील ओलावा वाफ होऊन कपचे उडतात.

पाचवे लक्षण, म्हणजे मोठा जोड न होणे, इथेच निम्म्याहून अधिक वेळा सुटते.

पाचवी तपासणी: सिलिंडर थंड पडतो आहे का

आता गॅसकडे वळू. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होताना तो स्वतःच्या आणि सिलिंडरच्या भिंतींच्या उष्णतेवर जगतो. एक किलो प्रोपेनची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोजूल लागतात. ताशी १५० ग्रॅम गॅस घेणारी टॉर्च सिलिंडरमधून सुमारे १५ वॅट उष्णता काढते, ती आजूबाजूच्या हवेतून बरीचशी भरून निघते. ताशी अर्धा किलो घेणारी मोठी टॉर्च त्याच लहान सिलिंडरला लावली तर हा आकडा ५० वॅटच्या घरात जातो, आणि चारशे ग्रॅमचा सिलिंडर दहा मिनिटांत वीस अंशांपर्यंत थंड होऊ शकतो. सिलिंडर रिकामा होत आला असेल तर आत उष्णता साठवणारा द्रवच कमी असतो, म्हणून तो आणखी लवकर थंड पडतो. तिसऱ्या लक्षणाचे कारण हे आहे.

तपासायला सोपा उपाय म्हणजे वजन. सिलिंडरवर रिकाम्या वजनाचा आकडा असतो. वजनकाट्यावर ठेवून उरलेला गॅस किती आहे ते पाहावे. पुरेसा गॅस असूनही ज्योत मावळत असेल तर काम थांबवून सिलिंडर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, किंवा हाताला सोसवेल अशा, ४० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात त्याचा तळ ठेवावा. सिलिंडरवर ज्योत फिरवणे, तो हीटरजवळ किंवा उकळत्या पाण्यात ठेवणे हे प्राणघातक आहे. सिलिंडर आडवा किंवा उलटा केल्यावर द्रव गॅस टॉर्चमध्ये येऊन भडका उडतो, म्हणून टॉर्च तिरप्या वापरासाठी बनवलेली नसेल तर सिलिंडर उभाच ठेवावा.

सहावी तपासणी: गॅसचे मिश्रण कोणते आहे

गॅसची खरी निवड इथे सुरू होते. तिचा निकष ज्योतीच्या तापमानापेक्षा वाफेचा दाब आहे. साधा ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या सुमारास, प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि प्रोपिलीन उणे ४८ च्या जवळपास. वीस अंशांना प्रोपेनचा निरपेक्ष दाब सुमारे ८.४ बार असतो, ब्युटेनचा फक्त २.१ बार. शून्य अंशाला ब्युटेनचा दाब हवेच्या दाबाएवढाच उरतो, म्हणजे तो सिलिंडरमधून बाहेर पडायलाच तयार नसतो. थंड खोलीत ब्युटेनच्या डबीवर चालणारी टॉर्च दुबळी पडते ती यामुळे, आणि डबी स्वतःच्या वापराने थंड होत असल्यामुळे ऊबदार खोलीतही तेच घडते.

मिश्रणांमध्ये आणखी एक खोच आहे, जी बऱ्याच जणांना चकवते. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण एकसारखे संपत नाही. द्रवात तीस टक्के प्रोपेन असेल तर वीस अंशांना सुरुवातीला निघणाऱ्या वाफेत त्याचा वाटा साधारण साठ टक्के असतो. त्यामुळे चांगला गॅस आधी संपतो आणि शेवटच्या भागात मुख्यतः ब्युटेन उरतो. 'नवीन असताना चांगला चालत होता, अर्धा झाल्यावर बिघडला' असे कोणी सांगितले की मी आधी डबीवरचे मिश्रणाचे प्रमाण वाचायला सांगतो.

यावरून निवड अशी ठरते. दागिन्यांचे किंवा तत्सम बारीक काम, जिथे काही ग्रॅम धातू तापवायचा आहे, तिथे ब्युटेनची छोटी टॉर्च पुरते आणि ती स्वस्तही असते. कॅम्पिंगच्या डब्यांतील आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण त्याहून बरे, पण किलोमागे ते बहुधा महाग पडते, म्हणून ते हाताशी असेल तरच वापरावे. नळ्या आणि मध्यम आकाराच्या जोडांसाठी शुद्ध प्रोपेन घ्यावा. डबीची जोडणी टॉर्चच्या आट्यांशी जुळते की नाही हे पाहूनच खरेदी करावी. जोडण्यांचे प्रकार अनेक आहेत आणि घरी बनवलेले अॅडॉप्टर हे गळतीचे नेहमीचे कारण असते. एकदाच वापरायचे सिलिंडर घरी पुन्हा भरून पैसे वाचवण्याचा प्रकारही टाळावा. त्यांची झडप वारंवार बसण्यासाठी बनवलेली नसते आणि जास्त भरलेल्या सिलिंडरमध्ये द्रवाला प्रसरण पावायला जागा राहत नाही.

सातवी तपासणी: टॉर्च आणि रेग्युलेटर

चौथे लक्षण, म्हणजे बिघडलेली ज्योत, दिसत असेल तर इथे थांबून नीट पाहावे. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. हवेची छिद्रे धुळीने, कोळ्याच्या जाळ्याने किंवा फ्लक्सच्या शिंतोड्यांनी बुजलेली असू शकतात. निळी पण खुरटी ज्योत म्हणजे जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारे बारीक छिद्र, अंशतः बंद झाले आहे. सिलिंडर सोडवून, टॉर्च थंड झाल्यावर जेट अल्कोहोलमध्ये भिजवून उलट्या दिशेने हवा मारावी. सुई किंवा ड्रिल घालून ते कधीही साफ करू नये, कारण हे छिद्र मिलिमीटरच्या काही दशांश भागाचे असते आणि किंचित मोठे झाले तरी गॅस व हवेचे प्रमाण कायमचे बिघडते.

नळीने मोठ्या सिलिंडरला जोडलेल्या टॉर्चमध्ये रेग्युलेटर चुकीचा असणे हे मला वारंवार सापडलेले कारण आहे. स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर साधारण ०.०३ बार दाब देतो, तर ब्रेझिंगच्या टॉर्चना बहुधा १ ते ४ बार लागतात. त्या रेग्युलेटरवर ज्योत पेटते, पण लांब आणि आळशी राहते. टॉर्चच्या माहितीपत्रकात दिलेल्या दाबाचा रेग्युलेटर घ्यावा. रेग्युलेटर काढून थेट सिलिंडरला नळी जोडणे हा उपाय नव्हे. होज, म्हणजे गॅसची रबरी नळी, हाही प्रोपेनसाठी मान्य असलेलाच हवा, कारण फक्त ॲसिटिलीनसाठी बनवलेले रबर प्रोपेनने हळूहळू खराब होते. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून तो तळघरात किंवा जमिनीलगतच्या खोलगट जागी साचू देऊ नये.

टॉर्चच्या तोंडाच्या रचनेवरही बरेच अवलंबून आहे. हवा व गॅस घुसळून बाहेर सोडणारी, फिरत्या ज्योतीची टॉर्च त्याच प्रोपेनवर साध्या नोझलपेक्षा स्पष्टपणे अधिक उष्णता जोडावर टाकते. महागड्या गॅसच्या काही सिलिंडरांच्या पैशांत अशी टॉर्च येत असेल तर मी टॉर्च घेईन.

आठवी पायरी: मग महाग गॅस

इथपर्यंत सर्व ठीक असेल आणि तरीही जोड थोडक्यासाठी अडत असेल, तर प्रोपिलीन घ्यावा. 'मॅप' या नावाने ओळखला जाणारा मूळ गॅस मिथाइलॲसिटिलीन आणि प्रोपाडाइन यांचे मिश्रण होता. उत्तर अमेरिकेतील त्याचे उत्पादन २००८ मध्ये थांबले, आणि आज 'मॅप-प्रो' नावाने पिवळ्या सिलिंडरमध्ये मिळतो तो मुख्यतः प्रोपिलीन असतो. जुन्या मॅपची कीर्ती ऐकून तो घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. प्रोपिलीनमध्ये किलोमागे उष्णता प्रोपेनएवढीच आहे. त्याची ज्योत थोडी तप्त असते, थोडी वेगाने जळते आणि उष्णता आतल्या शंकूपाशी अधिक एकवटते. त्यामुळे जोड लवकर तापतो, फ्लक्स टिकतो आणि सीमेवरचे काम पार पडते. जे काम प्रोपेनवर अर्ध्यातच अडते ते मात्र प्रोपिलीनवरही होणार नाही.

काम नियमित असेल तर परवडणारा मार्ग वेगळा आहे: पुन्हा भरता येणारा मोठा प्रोपेनचा सिलिंडर, योग्य रेग्युलेटर, होज आणि मोठ्या तोंडाची टॉर्च. सुरुवातीचा खर्च जास्त होतो, पण किलोमागे गॅस लहान सिलिंडरच्या तुलनेत बराच स्वस्त पडतो, आणि द्रवाचा साठा मोठा असल्याने सिलिंडर थंड पडण्याची अडचणही जवळपास नाहीशी होते. असा सिलिंडर मोकळ्या हवेत, उभा आणि ज्योतीपासून दूर ठेवावा, आणि त्यावर काम करताना खोलीत हवा खेळती राहील हे पाहावे, कारण अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

ऑक्सिजन जोडला की प्रोपेनची ज्योत २,८०० अंशांच्या घरात जाते. मात्र एक लिटर प्रोपेनला चार ते पाच लिटर ऑक्सिजन लागतो, म्हणून एकदाच वापरायचे ऑक्सिजनचे लहान सिलिंडर काही मिनिटांत संपतात, आणि जोडामागे हा सर्वांत महाग मार्ग ठरतो. मिनिटाला पाच लिटर देणारे ऑक्सिजन काॅन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) बारीक, एकवटलेल्या ज्योतीसाठी उपयोगी आहे, पण त्यावर एका मिनिटाला सव्वा लिटरच्या वर प्रोपेन जळत नाही; मोठा जोड त्याने होणार नाही. ऑक्सिजनच्या कोणत्याही जोडणीला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये, आणि दोन्ही नळ्यांवर ज्योत उलटी जाण्यापासून रोखणारे अरेस्टर हवेत.

कुठे थांबावे

ॲसिटिलीन हा गॅस मी घरगुती कामाच्या बाहेर ठेवतो. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत सुमारे ३,१०० अंशांची होते आणि काम झपाट्याने होते, पण तो एक बारच्या वर दाबाखाली मोकळा ठेवता येत नाही. त्याच्या सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थात शोषलेले ॲसिटोन असते, सिलिंडर आडवा ठेवून वापरता येत नाही, गॅस काढण्याच्या वेगाला मर्यादा असते, आणि तांब्याच्या नळीतून तो नेला तर स्फोटक ॲसिटिलाइड तयार होते. ज्या जोडाला खरोखर ॲसिटिलीन लागते तो जोड प्रशिक्षित व्यावसायिकाकडे न्यावा.

याशिवाय पुढील प्रसंगी गॅस कोणताही असो, टॉर्च खाली ठेवावी. घराला गॅस पुरवणारी वाहिनी, बॉयलर किंवा दाब धरणारे कोणतेही भांडे, पूर्वी इंधन साठवलेली टाकी, आणि रेफ्रिजरंट असलेली शीतकरणाची नळी यांवर स्वतः ब्रेझिंग करू नये. शेवटच्या बाबतीत आत उरलेला रेफ्रिजरंट ज्योतीत विघटित होऊन विषारी वायू देतो, म्हणून तो आधी रीतसर काढून घ्यावा लागतो आणि ते काम परवाना असलेल्या तंत्रज्ञाचे आहे. जस्ताचा मुलामा असलेले पोलाद तापवल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराने ताप आणि थंडी भरते. मुलामा पूर्ण काढता येत नसेल तर काम बाहेर द्यावे.

ज्योत टॉर्चच्या आत जाऊन शिटीसारखा आवाज येऊ लागला तर ताबडतोब झडप बंद करावी, आणि थंड झाल्यावर पुन्हा तसेच झाले तर ती टॉर्च स्वतः उघडण्याच्या फंदात न पडता दुरुस्ती केंद्रात द्यावी. सिलिंडरच्या झडपेतूनच गळती दिसली तर ती घट्ट करण्याचा प्रयत्न करू नये. आसपासच्या सर्व ज्योती विझवून, विजेची बटणे न हाताळता, सिलिंडर उचलून सुरक्षितपणे नेता येत असेल तर मोकळ्या हवेत न्यावा आणि पुरवठादाराला बोलवावे. आणि वरील सर्व तपासण्या करून, दोनदा पूर्ण स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न केल्यावरही जोड होत नसेल, तर तिसऱ्यांदा तापवू नये. वारंवार तापल्याने तांबे मऊ पडते, पितळातील जस्त उडून जाते आणि मूळ भाग वाया जातो. तो तुकडा आणि वापरलेला रॉड दोन्ही व्यावसायिकाला दाखवावेत, म्हणजे मूळ धातू कोणता आहे हे तो आधी ओळखू शकेल.